गॅरेजांतील टाकाऊ द्रावक व त्याचा जमाखर्च

खेड्यापाड्यांतून बैलाचें पुष्कळसें काम आतां ट्रॅक्टर करूं लागला आहे. ज्याच्या दारांत ट्रॅक्टर नाहीं तोही नांगरट, पेरणी व मळणी भाड्याच्या यंत्रानें करून घेतो. अनेक ठिकाणीं सहकारी संस्थांनीं व शेतकरी गटांनीं अवजारांच्या बँका काढल्या आहेत. आणि जेथें यंत्र गेलें तेथें त्याच्या मागोमाग दुरुस्तीची शेडही गेली. बैलाची निगा कशी राखावी हें आमच्या लोकांस पिढीजात ठाऊक होतें. गोठ्यांतील शेणमूत कोठें टाकावें, त्याचें खत कसें करावें, हेंही ठरलेलें होतें. यंत्राच्या गोठ्यांतून जी घाण निघते तिची व्यवस्था मात्र अद्याप कोणी ठरविलेली नाहीं. ती ठरविण्याच्या कामीं वाचकांस थोडें साह्य व्हावें, एवढ्याच हेतूनें हा पाठ लिहिला आहे.

या घाणींत काळें ऑइल, जुन्या गाळण्या, बॅटरीचें आम्ल असे अनेक जिन्नस येतात. त्या सर्वांचा परामर्श एका पाठांत घेणें शक्य नाहीं. सबब, यंत्राचे भाग धुण्यासाठीं जें रॉकेल, डिझेल, पेट्रोल किंवा थिनर वापरतात, त्याचाच विचार येथें करूं. हा जिन्नस दिसण्यांत पाण्यासारखा व मापानें थोडा. म्हणूनच त्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं.

द्रावक म्हणजे काय

ग्रीस, इंजिनाचें ऑइल व रंग हे पदार्थ पाण्यांत विरघळत नाहींत. जो पातळ पदार्थ त्यांस आपणांत विरघळवून घेतो त्यास द्रावक म्हणतात. आमच्याकडील गॅरेजांत रॉकेल व डिझेल हीं नित्याचीं द्रावकें होत. बेअरिंग, गिअर, हवेची ऑइलची गाळणी, नटबोल्ट हे सर्व त्यांतच धुतले जातात. घाईच्या वेळीं मिस्त्री पेट्रोल घेतो. अवजारांस रंग देतांना थिनर लागतें. अलीकडे फवाऱ्याच्या डब्यांतून येणारे कार्ब्युरेटर क्लीनर व ब्रेक क्लीनर हेही तालुक्याच्या दुकानांतून मिळूं लागले आहेत.

या सर्वांचे दोन गुण ध्यानांत ठेवावे. पहिला गुण चरबी विरघळविण्याचा. जें द्रावक बेअरिंगवरील ग्रीस काढतें तेंच हाताच्या कातडींतील स्निग्धांशही काढतें. म्हणून मिस्त्र्यांचे हात फुटतात, खाजतात व चिघळतात. दुसरा गुण उडून जाण्याचा. धुतलेला भाग आपोआप वाळतो हें सोयीचें वाटतें. परंतु जें वाळलें तें नाहींसें झालें नाहीं, तें शेडमधील हवेंत गेलें, व ती हवा आंत काम करणाऱ्यांनीं श्वासावाटे घेतली.

आणखी एक गोष्ट. डिझेल व पेट्रोल हीं इंधनें असल्यामुळें धुण्यासाठीं तीं निराळीं विकत आणावीं लागत नाहींत. टाकीची नळी सोडली कीं मग भरला. त्यामुळें धुण्यासाठीं किती गेलें याची नोंद ना मालकाजवळ असते, ना मिस्त्र्याजवळ.

जितकें आणलें तितकें गेलें कोठें

आमची नोकरी महसुलाच्या कचेरींत झाली. जमेची व खर्चाची बाजू जुळल्याखेरीज वही मिटावयाची नाहीं, असा तेथील रिवाज असे. तोच रिवाज द्रावकास लावून पाहावा. बियाणें जमिनींत रुजतें, खत पिकाच्या अंगीं लागतें, इंजिनांत घातलेलें डिझेल जळून जातें. परंतु धुण्यास घेतलेलें द्रावक धुण्यानें संपत नाहीं. तें मळतें, एवढेंच. म्हणून महिन्याच्या आरंभीं जें शिल्लक होतें व महिन्यांत जें नवें आणलें, तें सारें महिनाअखेर कोठें ना कोठें असलेंच पाहिजे.

अशा जागा चारच संभवतात. पहिली, टबांत व डब्यांत उरलेली शिल्लक. दुसरी, टाकाऊ म्हणून मोजून भरून ठेवलेलें पिंप. तिसरी हवा. चौथी जमीन; तींत सांडलेलें, निथळलेलें, मागच्या दारीं ओतून दिलेलें व चिंध्यांबरोबर उकिरड्यावर गेलेलें असें सर्व येतें. पहिल्या दोन जागा मापानें मोजतां येतात. पुढच्या दोन मापानें मोजतां येत नाहींत, पण वजाबाकीनें कळतात.

एक उदाहरण घेऊं. यांतील आंकडे केवळ समजुतीसाठीं कल्पिलेले आहेत. प्रत्येकानें आपल्या शेडचे आंकडे स्वतः काढावे. समजा, एका संस्थेच्या शेडमध्यें दर आठवड्यास सहा लिटर रॉकेल टबांत घेतात, आणि आठवडा संपला म्हणजे मळलेलें चार लिटर शेडच्या मागें ओतून देतात. वर्षाचे आठवडे ५२. तेव्हां वर्षांत आणलें ३१२ लिटर, ओतून दिलें २०८ लिटर, व राहिलेलें १०४ लिटर हवेंत, चिंध्यांत व फरशीवर गेलें. एका आठवड्याचे चार लिटर कोणाच्या डोळ्यांत भरत नाहींत. परंतु वर्षाचे २०८ लिटर म्हणजे ऑइलचें एक मोठें पिंप होय. एक पिंपभर मळकें रॉकेल आपल्या विहिरीपासून पन्नास पावलांवर कोणी एकदम ओतूं लागला, तर आपण त्याचा हात धरूं. तेंच पिंप बावन्न हप्त्यांनीं ओतलें जातें, म्हणून आपण स्वस्थ बसतों.

हवेंत गेलेल्या द्रावकाचा परिणाम

पहिलें भय आगीचें. पेट्रोलची वाफ उणें ४० अंश सेल्सियसलाही पेट घेऊं शकते. म्हणजे आमच्या हवेंत तें सदासर्वदा पेटण्याच्या तयारींतच असतें. त्याची वाफ हवेच्या तिप्पट ते चौपट जड असल्यामुळें ती वर न जातां जमिनीलगत पसरते व गाडीखालीं उतरावयाच्या खड्ड्यांत सांचते. तेथें एक ठिणगी पडली तरी पुरे. रॉकेल त्या मानानें सौम्य आहे. त्याची पेटण्याजोगी वाफ सामान्यतः ३५ ते ४० अंशांच्या पुढें होऊं लागते. परंतु वैशाखांत विदर्भ-मराठवाड्यांत सावलींतील पारा ४० च्या वर जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्यें त्याहूनही वर चढतो. त्या दिवसांत रॉकेलासही सौम्य समजूं नये. रॉकेलांत थोडें पेट्रोल मिसळण्याची कित्येकांस संवय असते. त्यामुळें तें सारें मिश्रण पेट्रोलसारखेंच ज्वालाग्राही बनतें.

दुसरें भय प्रकृतीचें. पेट्रोलांत बेंझीन नांवाचें द्रव्य असतें. तें मनुष्यास कर्करोग करतें हें निर्विवाद ठरलें आहे. भारतांत १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा मानकांत पेट्रोलमधील बेंझीन आकारमानानें शेंकडा एकाहून अधिक असूं नये अशी मर्यादा आहे. परंतु ही मर्यादा टाकींत भरावयाच्या पेट्रोलची आहे, त्यांत हात बुडवून बसणाऱ्याची काळजी तींत आलेली नाहीं. फवाऱ्याच्या कित्येक डब्यांत हेक्झेन असतें. १९९९ ते २००० या काळांत अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यांत गाड्या दुरुस्त करणाऱ्या कारागिरांच्या हातापायांस मुंग्या येऊन ते बधिर व दुर्बळ झाल्याचीं उदाहरणें वैद्यकीय तपासांत उघडकीस आलीं. ब्रेक धुण्याच्या फवाऱ्यांतील हेक्झेननें त्यांच्या मज्जातंतूंस इजा झाली होती. तीं माणसें कोणा रसायनाच्या कारखान्यांत नव्हतीं. साध्या गॅरेजांत काम करीत होतीं.

कांहीं फवाऱ्यांवर ‘न पेटणारें’ अशा अर्थाचे शब्द असतात. ते पाहून निश्चिंत होऊं नये. असे पदार्थ पुष्कळदां क्लोरिनयुक्त द्रावकांचे केलेले असतात. ते पेटत नाहींत हें खरें. परंतु त्यांच्या वाफेजवळ वेल्डिंग केल्यास फॉस्जीन नांवाचा वायु उत्पन्न होऊं शकतो. पहिल्या महायुद्धांत शत्रूवर सोडलेल्या प्राणघातक वायूंपैकीं हा एक होय. आमच्याकडे ज्या शेडमध्यें धुणें चालतें त्याच शेडमध्यें वेल्डिंगही चालतें, हें लक्षांत घ्यावें.

टबापाशीं बहुधा कोणास बसवितात? मिस्त्री इंजिन उघडतो, व त्याच्या हाताखालील सर्वांत लहान पोरगा भाग धूत बसतो. चौदा वर्षांखालील मुलांस गॅरेजांत ठेवण्यास १९८६ च्या बालकामगार कायद्यानें बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनें तो कायदा अधिक कडक झाला आहे. कायदा बाजूस ठेवला तरी, ज्या जागेवर आपण आपल्या मुलास बसविणार नाहीं त्या जागेवर दुसऱ्याचें मूल बसलेलें पाहून मालकानें गप्प राहूं नये.

जमिनींत गेलेल्या द्रावकाचा परिणाम

महाराष्ट्राच्या भूमीचा सुमारें चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा आहे. या पाषाणांत पाणी वाळूसारखें सर्वत्र मुरत नाहीं. फटी, सांधे व कुजलेला मुरूम यांतून वाट काढीत जातें. विहीर खणतांना झरा लागतो तो अशाच फटीचा. ज्या फटीनें पावसाचें पाणी विहिरीस येतें त्याच फटीनें ओतलेलें द्रावकही येऊं शकतें, आणि फटींतून जातांना तें गाळलें जात नाहीं. रॉकेल, डिझेल व ऑइल पाण्याहून हलकीं असल्यामुळें पृष्ठावर तवंग धरतात व वासावरून निदान कळतात. क्लोरिनयुक्त द्रावकें पाण्याहून जड असतात. तीं तळाशीं जाऊन खडकाच्या फटींत बसतात व वर्षानुवर्षें थोडथोडीं विरघळत राहतात. पाणी दिसावयास निर्मळ असतें, आणि तेंच पिण्यांत येतें.

हें भय कल्पनेचें नाहीं, हें दाखविण्यासाठीं परदेशांतील एक मोठें उदाहरण देतों. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यांत कँप लजून नांवाची नौसैनिकांची छावणी आहे. तेथील पिण्याचें पाणी विहिरींचेंच. १९५३ ते १९८७ या काळांत त्या पाण्यांत यंत्रें धुण्याचें ट्रायक्लोरोएथिलीन, कपडे धुण्याचें पर्क्लोरोएथिलीन, तसेंच बेंझीन हीं द्रव्यें होतीं असें पुढें सिद्ध झालें. तीं जमिनींतील गळक्या टाक्यांतून, सांडलवंडींतून, टाकाऊ माल पुरलेल्या जागांवरून व जवळच्या एका कपडे धुण्याच्या कारखान्यांतून आलीं होतीं. बिघडलेल्या बहुतेक विहिरी १९८५ सालीं बंद केल्या. तोंवर तेथें राहून गेलेल्या दहा लाखांपर्यंत माणसांच्या पोटांत तें पाणी गेलें असावें असा तेथील सरकारी आरोग्य संस्थेचा अंदाज आहे. त्यांच्या औषधोपचारासाठीं २०१२ सालीं, व नुकसानभरपाईसाठीं २०२२ सालीं, तेथील लोकसभेस कायदे करावे लागले. तीस-पस्तीस वर्षांच्या निष्काळजीपणाचा हिशेब पुढील पिढीस चुकवावा लागला तो असा. आमचें गॅरेज त्या छावणीच्या मानानें लहान खरें. परंतु आमची विहीरही लहानच असते, व ती पुष्कळदां शेडला लागूनच असते.

आमच्याकडील आणखी एक प्रघात सांगणें अवश्य आहे. मळकें ऑइल-रॉकेल कुंपणाच्या खांबांस वाळवी लागूं नये म्हणून लावतात, धूळ बसावी म्हणून रस्त्यावर शिंपडतात, व गोचिडांवर उपाय म्हणून जनावरांच्या अंगासही चोळतात. वापरलेल्या ऑइलांत धातूंचे कण व कर्करोगकारक द्रव्यें उतरलेलीं असतात. खांबावरून तीं पावसानें मातींत जातात; जनावराच्या अंगावरून चाटल्यानें पोटांत जातात. वाया जाणारी वस्तु उपयोगांत आणली असें आपणांस वाटतें, पण आपल्या हिशेबांत ती चौथ्याच जागीं मांडली पाहिजे.

द्रावक कमी करण्याचे नियम

टाकाऊ द्रावकाची व्यवस्था लावण्याचा उत्तम मार्ग म्हणजे तें उत्पन्नच कमी होईल असें करणें. त्यासाठीं मोठें भांडवल लागत नाहीं. पुढील नियम कोणत्याही शेडमध्यें पाळतां येतात.

(१) आधीं खरवडावें, मग धुवावें. ग्रीसचा व मातीचा थर लांकडी पट्टीनें, तारेच्या ब्रशानें व कोरड्या चिंधीनें जितका निघेल तितका काढावा. नंतर जें उरतें त्यास फारच थोडें द्रावक पुरतें. थरासकट भाग टबांत बुडविल्यास पहिल्या भागानेंच सारा टब काळा होतो.

(२) जेथें पाण्यानें भागतें तेथें द्रावक घेऊं नये. लोखंडी व पोलादी जाड भाग गरम पाण्यांत धुण्याचा सोडा किंवा कपड्यांची पावडर घालून स्वच्छ होतात. धुतल्यावर ते लगेच पुसून, वाळवून, त्यांवर ऑइलचा हात फिरवावा, म्हणजे गंज चढत नाहीं. ॲल्युमिनियमच्या भागांस कॉस्टिक सोडा मुळींच लावूं नये, तो धातु खातो. साध्या साबणाचें पाणी घ्यावें. हें मळकें पाणीही नाल्यांत सोडावयाचें नाहीं. तें एका टांकींत स्थिर ठेवून वरचें ऑइल काढून घ्यावें, व तळच्या गाळाची व्यवस्था पुढें सांगितलेल्या टाकाऊ मालाबरोबर लावावी.

(३) दोन टब ठेवावे. घरांत भांडीं विसळतांना पहिल्या पाण्यांत राख काढतात व दुसऱ्या स्वच्छ पाण्यांतून भांडें वर काढतात. तीच रीत येथें घ्यावी. पहिल्या टबांत जुनें द्रावक, दुसऱ्यांत नवें. भाग प्रथम जुन्यांत घासावा, नंतर नव्यांत बुडवून काढावा. पहिला टब अगदींच निरुपयोगी झाला म्हणजे तो रिकामा करून दुसऱ्यांतील द्रावक त्यांत घ्यावें, व दुसऱ्यांत नवें भरावें. एकच टब असला म्हणजे शेवटचा हात स्वच्छ हवा म्हणून द्रावक थोडें मळतांच फेंकावें लागतें. दोन टबांत तें पूर्ण मळेपर्यंत उपयोगी पडतें.

(४) निथळूं द्यावें. टबावर एक जाळी बसवावी, व भाग तिच्यावर थेंब थांबेपर्यंत ठेवावा. टबांतून फरशीवर व फरशीवरून मातींत जाणारा माल एवढ्यानें वांचतो.

(५) झांकण ठेवावें. काम नसेल तेव्हां टबावर पत्र्याचें झांकण असावें. त्यानें उडून जाणें कमी होतें, आणि आग लागलीच तर झांकण टाकून ती दाबतां येते.

(६) निवळूं द्यावें. मळलेलें द्रावक पत्र्याच्या उभट पिंपांत भरावें. तळापासून चार बोटें वर तोटी असावी. दोन-तीन दिवस न हालवितां ठेवल्यास गाळ खालीं बसतो. वरचें द्रावक जाड कापडांतून गाळून पुन्हां पहिल्या टबांत घ्यावें. चुलीवर तापवून तें शुद्ध करण्याचा उद्योग मात्र कोणीं करूं नये. तो आगीस निमंत्रण देणारा आहे.

(७) पेट्रोलनें कांहींही धुवूं नये, हातही धुवूं नयेत. हातांचें ग्रीस थोडें गोडें तेल चोळून व मग साबणानें जातें. फवाऱ्याचा डबा अपरिहार्य असेल तरच वापरावा, तोही उघड्यावर, व वरील चिठी वाचून. हेक्झेन व क्लोरिनयुक्त द्रावकें असलेले डबे घेऊंच नयेत.

(८) एकांत एक मिसळूं नये. काळें ऑइल निराळें, रॉकेल-डिझेल निराळें, थिनर निराळें. वापरलेलें इंजिन ऑइल शुद्ध करून पुन्हां कामांत आणतां येतें. त्यांत क्लोरिनयुक्त द्रावक पडलें तर सारें पिंप बिघडतें, व घेणारा तें परत करतो. दुधांत ताक पडल्यावर दूध म्हणून तें विकतां येत नाहीं, तसाच हा प्रकार.

(९) पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलींत द्रावक कधींही ठेवूं नये. मुलें पाणी समजून रॉकेल पितात व दवाखान्यांत न्यावीं लागतात, हें आमच्या देशांत वारंवार घडतें. असा प्रसंग आल्यास ओकारी करवूं नये. ओकतांना रॉकेल फुप्फुसांत उतरतें व तेंच प्राणावर बेततें. मुलास ताबडतोब दवाखान्यांत न्यावें. डिझेल काढतांना नळी तोंडानें ओढण्याची संवयही याच कारणास्तव सोडावी.

भिजलेल्या चिंध्या पिळून, झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवाव्या. त्या चुलींत घालूं नयेत व उकिरड्यावरही टाकूं नयेत. उकिरड्याचें खत शेवटीं आपल्याच शेतांत जातें.

टाकाऊ माल कोणास द्यावा

इतकें करूनही थोडा गाळ व थोडें निरुपयोगी द्रावक उरणारच. त्याविषयीं सरकारचे नियम आहेत. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालीं २०१६ सालीं घातक व इतर कचऱ्याचे नियम झाले. त्यांच्या यादींत वापरलेलें ऑइल व वापरलेलीं द्रावकें हीं दोन्हीं आहेत. असा माल अधिकारपत्र असलेल्या व्यवसायिकासच द्यावयाचा असतो, व सामान्यतः नव्वद दिवसांहून अधिक काळ सांठवावयाचा नसतो. लहान उत्पादकांस राज्याचें मंडळ मुदत वाढवून देऊं शकतें. २०२३ सालच्या दुरुस्तीनें, १ एप्रिल २०२४ पासून, ऑइल तयार करणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवरही वापरलेल्या ऑइलच्या पुनरुपयोगाची जबाबदारी टाकली आहे. महाराष्ट्रांत घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारीं केंद्रें तळोजें, रांजणगांव व बुटीबोरी येथें आहेत.

एकट्या शेतकऱ्याचा दोन लिटर गाळ नेण्यास कोणी खेड्यांत येणार नाहीं, ही अडचण खरी आहे. परंतु अशा अडचणीसाठींच सहकारी संस्था असते. दूध एकेका घरचें थोडेंच असतें. संकलन केंद्रावर तें एकत्र झालें म्हणजे टँकर येतो. त्याच रीतीनें संस्थेनें आपल्या शेडमध्यें पक्क्या फरशीवर, छपराखालीं, उंबरठ्यास बंधारा घालून तीन पिंपें ठेवावीं: एक वापरलेल्या ऑइलचें, एक रॉकेल-डिझेलच्या गाळाचें, एक थिनरचें. प्रत्येकावर मराठींत ठळक नांव व भरण्यास आरंभ केल्याची तारीख लिहावी. अधिकारपत्राची आवश्यकता, मुदत व माल नेणाऱ्यांचीं नांवें यांविषयीं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कचेरीस संस्थेच्या चिटणीसानें लेखी विचारावें व उत्तर दप्तरीं ठेवावें. तोंडी उत्तरावर काम करूं नये. साहेब बदलतो, कागद राहतो. माल देतांना लिटर मोजून पावती घ्यावी. भंगारवाला जास्त पैसे देतो म्हणून अधिकारपत्राविना त्यास ऑइल देऊं नये; तें पुढें कोणत्या भट्टींत जळेल हें आपल्या हातीं राहत नाहीं.

वहीचा नमुना

आतां पूर्वींच्या उदाहरणाकडे पुन्हां वळूं. त्याच शेडनें वरील नियम पाळले, व सहा लिटरची नवी भरती दर आठवड्याऐवजीं दर चार आठवड्यांनीं करावी लागली असें समजूं. वर्षांत तेरा भरत्या, म्हणजे ७८ लिटर. मध्यंतरीं दर आठवड्यास अर्धा लिटर भर घालावी लागली, ती २६ लिटर. एकूण आणलें १०४ लिटर. पैकीं दर भरतीमागें पांच लिटर टाकाऊ पिंपांत गेलें, तें ६५ लिटर. बाकी ३९ लिटर हवेंत व चिंध्यांत गेलें. पूर्वीं ३१२ लिटर लागत होतें, आतां तृतीयांश लागलें. आणि जमिनींत मुद्दाम ओतलेलें शून्य. जेथें मोजूनमापून काम होतें तेथें हा आंकडा याहून चांगला येईल, जेथें हयगय होते तेथें वाईट येईल. परंतु वही असल्याखेरीज दोन्हींपैकीं कांहींच कळणार नाहीं.

वहीस सहा रकाने पुरेत: तारीख, जिन्नस, आणलेलें लिटर, टाकाऊ पिंपांत गेलेलें लिटर, शिल्लक, व सही. टाकींतून काढलेलें डिझेलही ‘आणलेलें’ या रकान्यांत मांडावें. महिनाअखेर वजाबाकी करून जी तूट येईल ती शेवटीं तांबड्या शाईनें लिहावी. ही तूटच या सर्व पाठाचें सार आहे. ती ज्या महिन्यांत वाढेल त्या महिन्यांत झांकण उघडें राहिलें, तोटी गळली, किंवा कोणी मागच्या दारीं मग रिकामा केला, असें समजून चौकशी करावी.

मिस्त्री लोक म्हणतील कीं, या साऱ्यास वेळ कोठून आणावा? त्यांस असें सांगावें कीं, आधीं खरवडल्यानें धुण्याचा वेळ कमी होतो, व वहीस दिवसाचीं दोन मिनिटेंही लागत नाहींत. तरीही त्यांच्यावरच सारा भार टाकणें न्यायाचें नव्हे. टब, जाळी, पिंप व हातमोजे हे मालकानें किंवा संस्थेनें पुरवावे. मोजे नायट्राइलचे असावे, साध्या रबराचे रॉकेलानें फुगून फाटतात. द्रावक वांचल्यानें जो पैसा उरतो त्यांतील कांहीं भाग मिस्त्र्यास मिळावा, म्हणजे वहींतील तूट कमी ठेवण्यांत त्याचाही लाभ राहील.

शेड संस्थेची असो कीं खाजगी, तिच्या शेजारचें पाणी कोणा एकाचें नसतें. ज्यांनीं यंत्र घेतलें नाहीं तेही तेंच पाणी पितात. या हंगामांतील दुरुस्त्या सुरू होण्यापूर्वीं वाचकांनीं निदान दोन टब, एक झांकण, एक पिंप व एक वही एवढी तयारी करावी, आणि पहिल्या तीन महिन्यांची तूट काय आली तें संस्थेच्या सभेपुढें वाचून दाखवावें.